चाचणीपुरतं मरण

आबासाहेबांचा फोन वाजला तेव्हा त्यांच्या तोंडात वडापावचा घास होता. त्यांनी तो गिळला नाही, गालात सरकवून ठेवला आणि फोन कानाला लावला. "काय? कोण मेलं?" ते म्हणाले, आणि मग ऐकता ऐकताच हसायला लागले. गालात घास असताना माणूस हसला की काय होतं ते प्रार्थनानं टेबलाच्या या बाजूनं पाहिलं. एक पिवळा, ओला कण उडून तिच्या कीबोर्डवर पडला आणि दोन बटनांच्या फटीत जाऊन बसला. "अहो वाबळे, ऐका तर खरं," आबासाहेब फोन बाजूला धरून अंगदसरांना म्हणाले, "आपल्या हॉस्पिटलात एकाचा पोरगा आलाय बोंबलत, बॉडी द्या म्हणतो. आन् बॉडी कॉटवर बसून मोसंबी खातीय!" अंगदसरही हसले. मग त्यांचं हसणं अर्ध्यावर थांबलं. त्यांनी हळूच मान वळवून प्रार्थनाच्या टचस्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर अजून तेच पान उघडं होतं. आसाराम नावापुढे लाल अक्षरांत 'मयत' लिहिलेलं होतं, आणि आसाराम या नावावर अंगदसरांच्या बोटाचा तेलकट ठसा होता. मघाशी वडा खाता खाता त्यांनी त्याच बोटानं आबासाहेबांना दाखवलं होतं, "हे बघा, इथं क्लिक केलं की पेशंट मयत. लगेच मेसेज."

प्रार्थना त्रिभुवन डेटाबेसचं काम करत असे. पुण्यातल्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती सावेडीतल्या या छोट्या कंपनीत आली, कारण इथून श्रीरामपूरला आईकडे शनिवारी एसटीनं जाता येत होतं. कंपनी म्हणजे फरशीच्या शोरूमच्या वरचा मजला, बादलीत ठिबकणारा एसी, आणि मालक अंगद वाबळे. आबासाहेब ज्या ट्रस्टचे विश्वस्त होते त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलसाठी पोर्टल बनवायचं काम कंपनीला मिळालं होतं. घरबसल्या नातेवाइकांनी मोबाइलवर आपला पेशंट पाहायचा, त्याचे रिपोर्ट पाहायचे, आणि काही बदल झाला की त्यांना आपोआप मेसेज जायचा. असलं पोर्टल हॉस्पिटलला द्यायच्या आधी ऑफिसातल्याच एका मशीनवर त्याची हुबेहूब नक्कल उभी करतात, तोच डेटाबेस, त्याच खिडक्या, तीच बटनं. फक्त बाहेरच्या जगाशी तिचा संबंध तोडलेला. तिथं काय हवं ते मोडावं, बिघडवावं, माणसं भरती करावीत, घरी सोडावीत, मारावीत. कुणाला काही होत नाही. ही नक्कल प्रार्थनानं उभी केली होती, आणि तिला ते काम आवडलं होतं हेच आता तिला सहन होईना. हॉस्पिटलकडून आलेला बॅकअप रिकाम्या मशीनवर चढवताना एक एक तक्ता भरत जातो, ओसाड खोल्यांत माणसं राहायला यावीत तसा. खरी माणसं आहेत म्हणून तिनं त्यांची आडनावं बदलून झाडांची नावं घातली होती. कुणी बाभूळ झालं, कुणी चिंच, कुणी करवंद. सगळ्यांचे मोबाइल नंबर पुसून तिथं शून्यं भरली होती. मेसेज पाठवायची वाट तिनं स्वतःच्या हातानं बंद केली होती.

"हे काय?" काल अंगदसर म्हणाले होते. "चिंच दगडू? आबासाहेब काय म्हणतील? त्यांना त्यांचेच पेशंट दिसायला पाहिजेत. जिवंत वाटलं पाहिजे."

"सर, खरा डेटा डेमोला वापरू नये. कुणाला चुकून मेसेज गेला तर?"

"तुझं पुणं झालं का सुरू," ते हसून म्हणाले होते, आणि विषय तिथंच संपला असं तिला वाटलं होतं. आज सकाळी ती चहा प्यायला खाली गेली तेवढ्यात त्यांनी मूळ बॅकअप पुन्हा चढवला. झाडं गेली, माणसं आली. नंबर आले. आबासाहेबांच्या मोबाइलवर मेसेज टणकन वाजून दाखवायचा म्हणून त्यांनी मेसेजची वाटही उघडली, एका पेशंटपुढे आबासाहेबांचा नंबर घातला, आणि ती परत येईपर्यंत दाखवायला सुरुवातही केली. दाखवताना बोट एक ओळ खाली पडलं. आबासाहेबांच्या मोबाइलवर मेसेज आलाच नाही. "नेटवर्क नसेल," असं म्हणून सगळ्यांनी आणखी एकेक वडापाव मागवला होता.

"जाऊ द्या हो," आबासाहेब आता रुमालानं तोंड पुसत म्हणत होते. "मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं माणसाचं. म्हाताऱ्यावर उपकारच झाले म्हणायचे." मग दाढेतला दाणा जिभेनं काढत ते अंगदसरांकडे वळले. "पण वाबळे, हे आपल्याकडून गेलं असं व्हायला नको. ट्रस्टची निवडणूक हाय पुढच्या महिन्यात."

प्रार्थना उठून बेसिनकडे गेली. नळ सोडला तर पाण्याला गंजाचा वास आला. तिनं हात धुतले, परत धुतले, साबण संपत आलेला, त्याला कुणाचा तरी केस चिकटलेला. तिला मळीचा वास आला. इथं सावेडीत मळीचा वास येण्याचं कारणच नव्हतं, पण तिला तो असाच येतो, कुठंही, लिफ्टमध्ये, चर्चमध्ये. श्रीरामपूरच्या घरी हिवाळ्यात वारा फिरला की साखर कारखान्याकडून तो गोडसर, कुजका वास अंगणात उतरायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांत मुरायचा. पप्पा आजारी पडले तेव्हा तर उन्हाळाच होता, कारखाना बंद होता, तरी तो दिवस तिला त्याच वासासकट आठवतो. साथीचे दिवस. पप्पांना दवाखान्यात नेलं त्याला आठवडा होत आला होता, आत कुणाला सोडत नव्हते, आणि आई ओट्याशी भाकरी थापत होती. फोन टेबलावर होता. प्रार्थनानं मेसेज वाचला. इंग्रजीत होता, सगळी अक्षरं कॅपिटल, पप्पांच्या जॉन या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, आणि शेवटी कुणाशी संपर्क साधावा तो नंबर. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं प्रार्थनाचं तोंड वाचलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. पुढे तर पप्पा दिसलेच नाहीत. दिसली ती चेन लावलेली पिशवी, लांबून. आई कितीतरी दिवस फोन उशाशी घेऊन झोपायची. एकदा प्रार्थनानं विचारलं तेव्हा म्हणाली, "स्पेलिंग चुकलंय म्हणालीस ना गं? मग दुसऱ्या कुणाचा असंल तो. चुकून आलता म्हणून दुसरा मेसेज येईल." दुसरा मेसेज आला नाही. दिवाळीच्या सुमारास कधीतरी आईनं फोन परत कपाटावर ठेवायला सुरुवात केली.

म्हणूनच या पोर्टलसाठी मृत्यूचा मेसेज लिहायचं काम प्रार्थनानं स्वतःकडे मागून घेतलं होतं. कुणी हसलं होतं, पण दिलं. ती बरेच दिवस त्या चार ओळींवर बसली होती. मराठीत, साध्या शब्दांत, नाव बिनचूक, आधी माणूस आणि मग बातमी. आज नाव भरून मेसेज गेला होता: 'आपले आसाराम यांनी आज आमच्याकडे अखेरचा श्वास घेतला. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. सावकाश या.' सावकाश या, हे शब्द तिला तेव्हा फार बरोबर वाटले होते. घाईनं निघालेल्या माणसांचा रस्त्यात अपघात होतो. आता बेसिनपाशी उभं राहून तिला तेच शब्द तोंडात कुणाच्या तरी दातांतून निघालेल्या सुपारीसारखे वाटले. वाक्य चांगलं होतं म्हणूनच कुणाला शंका आली नसणार. कॅपिटल अक्षरांत, चुकीच्या स्पेलिंगनं गेलं असतं तर निदान एखाद्यानं हॉस्पिटलला फोन लावून विचारलं असतं.

ती परत आली तेव्हा आबासाहेब गेले होते आणि अंगदसर तिच्या खुर्चीत बसले होते. "हे बघ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ होता, तो मऊ आवाज तिला सगळ्यात किळसवाणा वाटला. "एक छोटा रिपोर्ट बनव. बाहेरून कुणीतरी सिस्टीम हॅक केली, आपण वेळीच पकडलं. टेक्निकल भाषेत लिही, कुणाला कळायला नको. सही तुझीच लागेल, डेटाबेस तुझ्याकडंय. मी पेढे घेऊन हॉस्पिटलला जातो, त्या लोकांना शांत करतो."

"पेढे कशाला सर?"

"म्हातारा जिवंत आहे ना!" ते म्हणाले.

प्रार्थनानं रिपोर्ट लिहिला नाही. तिनं पर्स उचलली आणि खाली येऊन गाडीला किक मारली. आपण कशाला चाललोय हे तिला माहीत नव्हतं. माफी मागायला, असं ती स्वतःला सांगत होती, पण ते खरं नव्हतं. तिला तो माणूस पाहायचा होता. ज्याच्या मरणाचा मेसेज खरंच चुकून आला होता तो माणूस. रस्ताभर ट्रकचा धूर, उसाच्या रसाच्या गाड्यांवरच्या माश्या, कापडी बोर्डांवर हसणारी, हात जोडलेली तोंडं, आणि प्रत्येक तोंडाच्या गालात घास ठेवलेला आहे असं तिला वाटत होतं.

हॉस्पिटलच्या पुरुष वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, पदर कपाळापर्यंत ओढलेला, दोन्ही हात पदराखाली. तिच्या कपाळावर मधोमध चामडी लालसर सोलल्यासारखी झाली होती. ती कोण हे प्रार्थनाला कुणी सांगायची गरज पडली नाही. जिन्यापाशी दोन माणसं हॉस्पिटलच्या मॅनेजरशी मोठ्यानं भांडत होती. ती तिची मुलं. थोरला पारनेर तालुक्यातल्या गावाहून जीप करून आला होता, धाकटा इथंच एमआयडीसीत कामाला होता आणि बॉडी मागायला तोच सगळ्यांच्या आधी आला होता.

प्रार्थना बाकाच्या टोकाला बसली. "आजी, आत नाही गेलात?"

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. "तू नर्स हाईस का?"

"नाही."

"मंग सांगते. आत कशी जाऊ? सून गेलीय कासाराकडं, बांगड्या आनायला. आन् कुंकू. अशी गेले तर त्यास्नी काय वाटंल?" तिनं पदराखालून हात काढले. मनगटांवर बारीक ओरखडे होते, एका जागी रक्त वाळून काळं पडलं होतं. "दगडावर हात आपटला माजा. मी म्हनत हुते, आगं, बाडी तरी येऊ द्या, माती तरी बघू द्या. बाडी यायच्या आदी असं करत्यात व्हय कुटं? पन जाऊ म्हनली, आत्ताच उरकून टाका, नंतर लई गर्दी हुईल. उरकून टाका म्हनली बघ. गावात तर ठराव झालाय, बांगड्या फोडायच्या न्हाईत, कुंकू पुसायचं न्हाई म्हनून. चावडीवर बोर्डबी लावलाय. त्या बोर्डाच्या पलीकडच्या गल्लीतच माजं घर."

प्रार्थनाला त्या दगडावरचा आवाज ऐकू आला, काचेचा, आणि त्या आवाजाच्या आधी तिनं लिहिलेलं वाक्य कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं असणार. सावकाश या.

"आन् दुसरं सांगू?" म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली. "मी भितीला टेकून बसल्ते. डोळं मिटलेलं. त्यांना वाटलं मला शुद्ध न्हाई. धाकटी सूनबी गावीच आलती. थोरली तिला म्हनती, म्हातारीला तुमी न्या, आमच्याकडं खोली न्हाई. धाकटी म्हनती, आमी शहरात राहातो, एका खोलीत, कुटं ठिवू? थोरला तिथंच हुता. ऐकत हुता. गप. मला वाटलं आता बोलंल. चपला शोधत हुता त्यो." ती थांबली. "मानूस मेल्याचं रडू यायच्या आदी ह्येच आलं कानावर. मंग रडूच आलं न्हाई. आजून आलं न्हाई."

वॉर्डच्या दारातून फिनाइलचा वास येत होता, त्यात उकडलेल्या डाळीचा. प्रार्थनाला वाटलं आपण उठून जावं. सगळंच शिळं होतं, विटलेलं होतं, आबासाहेब काय आणि हा थोरला काय, आणि ती एक खोली काय, आणि तिचं स्वतःचं ते नीटनेटकं दुःखी वाक्य काय. पण म्हातारीनं मनगटं परत झाकली नव्हती. ती तशीच मांडीवर उपडी पडली होती, आणि त्यांच्याकडे पाहणं भाग होतं.

"आजी, तुमचं नाव काय?"

"राहीबाई."

"राहीबाई, तो मेसेज..." ती म्हणाली, आणि तेवढ्यात जिन्यावरून अंगदसर आले. हातात पेढ्यांचा बॉक्स, कपाळावर काळजी. त्यांनी प्रार्थनाला पाहिलं, क्षणभर थबकले, आणि मग ती तिथं आहे हे ठरलेलंच असावं अशा थाटात मुलांकडे गेले. "दादा, मी कॉम्प्युटर कंपनीचा. तुमच्या भावना मी समजू शकतो. आमची सिस्टीम बाहेरच्या लोकांनी हॅक केली हो. आजकाल बँकांचंही होतं. या आमच्या मॅडम, यांनीच पकडलं. यांचा रिपोर्ट येतोय." त्यांनी बॉक्सचं झाकण उघडलं. "घ्या. वडील सुखरूप आहेत. आयुष्य वाढलं समजा."

थोरल्यानं पेढा घेतला. हे प्रार्थनाला कधी विसरता येणार नव्हतं. त्यानं रागानं, मान हलवत, पण पेढा घेतला आणि तोंडात टाकला. धाकट्यानंही हात पुढे केला. आत्तापर्यंत भांडणारी ती दोन्ही तोंडं हलू लागली, आणि ते हलणं पाहून तिच्या घशाशी सकाळपासून साचलेलं एकदम वर आलं, पण बाहेर पडले ते शब्दच.

"कुणी हॅक केलेलं नाही."

अंगदसर हसले. "मॅडम दमल्यात."

"कुणी हॅक केलेलं नाही," ती उभी राहत म्हणाली. तिचा आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला, वॉर्डच्या दारातला वॉर्डबॉय वळून पाहू लागला. "आमच्या ऑफिसात आज दाखवायचा कार्यक्रम होता. खोट्या नावांवर दाखवायचं, ते यांनी खऱ्या पेशंटांवर दाखवलं. वडा खाताना. तुमच्या वडिलांच्या नावावर बोट पडलं. मेसेज मी लिहिलेला आहे, शब्द माझे आहेत. हेच मी लिहून देणार आहे. तुम्हालाही आणि हॉस्पिटललाही."

पुढचा काही वेळ सगळेच एकदम बोलले. थोरला पेढा गिळून तिच्याच अंगावर आला, "लाज न्हाई वाटत व्हय? मानसं म्हंजी काय खेळनं हाय का तुमचं?" धाकटा मॅनेजरला धरायला गेला. मॅनेजर म्हणाला की हा विषय ऑफिसात बसून बोलू. अंगदसर तिच्या अगदी जवळ आले. त्यांच्या श्वासाला अजून लसणीच्या चटणीचा वास होता. "उद्यापासून येऊ नकोस," ते हळू, त्याच मऊ आवाजात म्हणाले. "लॅपटॉप आत्ता आणून दे." "देते," ती म्हणाली. "आधी ती नक्कल पुसते. हजारो माणसं आहेत तिच्यात." ते मुलांना घेऊन मॅनेजरच्या खोलीकडे निघाले. जाताना थोरल्यानं आईकडे पाहिलंही नाही. पेढ्यांचा बॉक्स बाकावर राहिला, आणि बघता बघता त्याच्यावर एक माशी येऊन बसली.

तिला सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. खरं बोलून झाल्यावरही ती मनगटं होती तशीच होती. उद्या आईला फोन करून नोकरी गेल्याचं सांगावं लागेल. आई विचारेल, का गं? आणि तिला मेसेजपासून सुरुवात करावी लागेल.

"तू लिवलं हुतं त्ये?" राहीबाईनं विचारलं.

"हो."

"नातवानं वाचून दावलं. लई चांगलं लिवलं हुतं." तिच्या आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. "म्हनून खरं वाटलं."

प्रार्थनानं बॉक्सवरची माशी हाकलली आणि झाकण लावलं.

जिन्याकडून चपलांचा आवाज आला. म्हातारीनं कान टवकारले, मग तो आवाज दुसऱ्याच मजल्याकडे गेला. सून अजून आली नव्हती. राहीबाईनं वॉर्डच्या दाराकडे पाहिलं. आतून कुणीतरी खोकत होतं, आणि तो खोकला तिच्या ओळखीचा असावा, कारण ती एकदम उठली. "धर मला," ती म्हणाली. "जायचं आत."

"बांगड्या येऊ द्यायच्या का आजी?"

"नगं. आता काय भरायच्या?" तिनं पदर कपाळावरून मागं सारला आणि प्रार्थनाच्या दंडाला धरलं. तिची पकड घट्ट होती, बोटं खरखरीत, थंड. "उद्या खरंच गेलं तर परत त्योच दगड. येकदा फुटल्या त्या फुटल्या."

आसाराम खिडकीशेजारच्या कॉटवर बसला होता. वाळलेला, लांब माणूस, नाकात नळी, मांडीवर मोसंबीची सालं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. बायको दिसताच त्याचं तोंड उजळलं, मग त्याची नजर तिच्या कपाळावर गेली, तिथून हातांवर उतरली. तो बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिला. शेजारच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला. प्रार्थना दंड सोडवून मागे झाली आणि लोखंडी पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिली, कारण आता जे काही होईल ते तिला पाहावंच लागणार होतं.

"कोन गेलं गं?" आसारामनं घाबरून विचारलं.

"तुमी," राहीबाई म्हणाली. तिनं मांडीवरची सालं गोळा करून खिडकीत ठेवली. मग ओठ दाबून धरले, पण ते ऐकेनात, आणि सकाळपासून न आलेलं रडू तिला तिथं, त्याच्यासमोर आलं. "सरका तिकडं. बसू द्या मला."

म्हातारा नळी सांभाळत भिंतीकडे सरकला.